वीज गेली की सेन्सर बेपत्ता: वायफाय आणि झिगबी यांच्यात चॅनेलची वाटणी

घरातले वायफाय व्यवस्थित चालू आहे, मोबाइलवर व्हिडिओ न अडखळता दिसतो, आणि तरीही दाराचा सेन्सर, पॅसेजमधला हालचाल ओळखून लागणारा दिवा किंवा बेसिनखालची गळती सांगणारी डबी दर काही दिवसांनी अॅपमध्ये ‘अनुपलब्ध’ दिसू लागते. राऊटर बंद करून पुन्हा चालू केला की सगळे सुरळीत होते आणि आठवडाभराने तेच रडगाणे नव्याने सुरू होते. ही तक्रार ज्यांची आहे त्यांच्यासाठी हे टिपण आहे. मी स्वतः जवळजवळ चार महिने या फेऱ्यात अडकलो होतो, त्यात वायफायचा पल्ला वाढवणारा एक एक्स्टेंडर विनाकारण विकत घेतला, दोन सेन्सर सदोष समजून परत पाठवले, आणि शेवटी लक्षात आले की दोष कुठल्याच उपकरणात नव्हता.

आधी मांडणी सांगतो, म्हणजे पुढचे समजणे सोपे जाईल. पुण्यातील सोसायटीत चौथ्या मजल्यावर दोन बेडरूमचा फ्लॅट आहे. हॉलमध्ये टीव्हीच्या कपाटावर इंटरनेट कंपनीने दिलेला राऊटर आणि त्याला जवळजवळ चिकटूनच एक रास्पबेरी पाय, म्हणजे तळहाताएवढा संगणक, होता. त्यावर घरातली स्मार्ट उपकरणे चालवणारे होम असिस्टंट आणि झिगबीचे जाळे सांभाळणारे झिगबी-टू-एमक्यूटीटी ही सॉफ्टवेअर चालत होती आणि त्याच्या यूएसबी पोर्टमध्ये झिगबीचा डोंगल, म्हणजे छोटा रेडिओ, खोचलेला होता. झिगबी ही सेन्सर-दिव्यांसारख्या छोट्या उपकरणांची, वायफायहून वेगळी, कमी शक्तीची बिनतारी पद्धत. झिगबीवर एकूण अकरा उपकरणे होती: चार बॅटरीवरची दारे-खिडक्यांची, दोन हालचाल ओळखणारी, एक गळतीचे, तीन दिवे आणि एक स्मार्ट प्लग. वायफायवर टीव्ही, दोन लॅपटॉप, मोबाइल, एक कॅमेरा आणि गिझरचा प्लग. रास्पबेरी पाय इन्व्हर्टरवर होता, राऊटर मात्र नव्हता. हा शेवटचा तपशील मला तेव्हा अगदीच किरकोळ वाटला होता.

लक्षणे अशी होती. वीज जाऊन आली की त्या दिवशी संध्याकाळी आठनंतर सेन्सर एकेक करून गळू लागत. दिवसा ते बऱ्यापैकी चालत. राऊटर पुन्हा सुरू केला की कधी लगेच बरे होई, कधी दोन-तीनदा बंद-चालू करावे लागे. साहजिकच माझा निष्कर्ष असा झाला की राऊटर ‘तापतो’ किंवा ‘अडकतो’. घरच्यांचा निष्कर्ष याहून साधा होता: दिव्याला भिंतीवरचे बटण असताना हे उद्योग कशाला.

एकच हवा, अनेक वापरकर्ते

वायफायचा जुना पट्टा, झिगबी, ब्लूटूथ आणि थ्रेड (झिगबीसारखीच आणखी एक पद्धत) ही सगळी मंडळी २.४ गिगाहर्ट्झच्या एकाच पट्ट्यात राहतात. २४०० ते २४८३.५ मेगाहर्ट्झ एवढीच ही जागा आहे. भारतात २००५ च्या अधिसूचनेने हा पट्टा कमी शक्तीच्या उपकरणांसाठी परवानामुक्त केला, आणि त्याच नियमांत हेही स्पष्ट आहे की वापर सामायिक राहील आणि दुसऱ्याच्या अडथळ्यापासून कोणालाही संरक्षण मिळणार नाही. म्हणजे शेजाऱ्याच्या राऊटरविरुद्ध तक्रार करण्याची सोय नाही. पाटाच्या पाण्यासारखी पाळी लावूनच काम भागवावे लागते. अडचण एवढीच की पाळी लावणारा पाटकरी इथे कोणी नाही, आणि पाळी कशी लावायची याबद्दल प्रत्येक जातीच्या उपकरणाची समजूत वेगळी आहे.

वायफायमध्ये कोणतेही उपकरण बोलण्याआधी ऐकते. दुसऱ्या वायफायचा सिग्नल उणे ८२ डीबीएम (सिग्नलच्या ताकदीचे माप; उणे आकडा जितका मोठा तितका सिग्नल क्षीण) इतका क्षीण असला तरी तो ‘आपल्यातला’ म्हणून ओळखून ते थांबते. पण समोरचा आवाज वायफायचा नसेल, तर केवळ त्याच्या ऊर्जेवरून ते अंदाज घेते आणि त्यासाठीचा उंबरठा उणे ६२ डीबीएमच्या आसपास असतो. हा फरक २० डीबीचा, म्हणजे शंभरपट आहे. झिगबीचा सेन्सर बहुधा एक ते काही मिलिवॅट शक्तीने बोलतो आणि राऊटर १०० मिलिवॅटच्या घरात, त्यामुळे सेन्सर बोलत असल्याचे राऊटरच्या गावीही नसते.

झिगबीदेखील बोलण्याआधी ऐकते, पण त्याची चाल संथ आहे. हवा मोकळी आहे का हे पाहायला त्याला १२८ मायक्रोसेकंद लागतात, आणि ऐकण्याकडून बोलण्याकडे वळायला आणखी १९२. वायफाय मात्र ९ किंवा २० मायक्रोसेकंदांच्या मापाने आपली पाळी मोजते. झिगबीने हवा मोकळी पाहून तोंड उघडेपर्यंत वायफायने मधल्या फटीत आपले बोलणे सुरू केलेले असते. शिवाय झिगबीचा वेग सेकंदाला २५० किलोबिट, त्यामुळे १२७ बाइटांची पूर्ण चौकट, म्हणजे एका वेळचा सर्वांत मोठा निरोप, पाठवायला त्याला चार मिलिसेकंदांहून थोडा अधिक वेळ लागतो. भर गर्दीच्या हमरस्त्यावर बैलगाडी आडवी घालावी तसा हा प्रकार आहे: रस्ता रिकामा दिसला म्हणून निघालेली गाडी मध्यावर पोहोचेपर्यंत ट्रक येऊन ठेपतो. दुपारी, घरात कोणी नसताना, रस्ता खरोखरच रिकामा असतो आणि गाडी पार होते. रात्री आठनंतर माझ्या घरातला टीव्ही आणि सोसायटीतील झाडून सगळे टीव्ही सुरू झाले की पार होत नाही. सेन्सर काही वेळा पुन्हा प्रयत्न करतो, दमतो, आणि त्या खटाटोपात बॅटरीही लवकर संपवतो. मी ज्या सेन्सरना ‘बॅटरी खाणारे’ म्हणून परत पाठवले ते बहुधा निर्दोष होते.

आकड्यांनी केलेली फसवणूक

आता ज्या चुकीने माझे चार महिने खाल्ले ती सांगतो, कारण ती करणारा मी पहिला नसेन. चॅनेल म्हणजे या पट्ट्यातली क्रमांक दिलेली जागा. वायफायचे चॅनेल भारतात १ ते १३ आहेत आणि झिगबीचे ११ ते २६. दोन्हींत ११, १२ आणि १३ हे आकडे आहेत, पण त्यांचा एकमेकांशी काडीचाही संबंध नाही. वायफायचा १ म्हणजे २४१२ मेगाहर्ट्झ आणि पुढचा प्रत्येक चॅनेल ५ मेगाहर्ट्झने वर. त्या हिशेबाने वायफायचा ११ हा २४६२ वर येतो. झिगबीची मोजणी मात्र ११ पासूनच सुरू होते: झिगबीचा ११ म्हणजे २४०५ मेगाहर्ट्झ, पट्ट्याचे अगदी खालचे टोक, आणि २६ म्हणजे २४८० मेगाहर्ट्झ, वरचे टोक.

झिगबी-टू-एमक्यूटीटी मुळात ११ वर बसवलेले येते आणि मी ते तसेच ठेवले होते. राऊटरचे चॅनेल ‘ऑटो’वर होते. अनेक राऊटर ‘ऑटो’मध्ये असताना सुरू होण्याच्या क्षणी आजूबाजूची गर्दी पाहून एक चॅनेल निवडतात आणि पुढे बराच काळ त्यालाच चिकटून राहतात. माझा राऊटर कधी १, कधी ६, कधी ११ निवडत असे. तो ६ किंवा ११ वर बसला की झिगबी बऱ्यापैकी चाले. १ वर बसला की बरोबर झिगबीच्या डोक्यावर. वीज गेली की राऊटर पुन्हा सुरू होई आणि नव्याने चिठ्ठी काढे. मी हाताने बंद-चालू करायचो तेव्हाही तेच होई. म्हणजे ‘रीस्टार्ट केला की बरे होते’ हे खोटे नव्हते, फक्त ते बरे होणे चिठ्ठीच्या नशिबावर होते.

मग कोठेतरी वाचले की चॅनेल हाताने ठरवावे. मी राऊटर मुद्दाम १ वर नेला, कारण झिगबी ११ वर आहे, तर दोघांत दहाचे अंतर राहील असा माझा भाबडा हिशेब होता. त्या दिवसापासून सेन्सर अधूनमधून जाण्याऐवजी रोजच जाऊ लागले. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. अधूनमधून होणारा बिघाड रोज होऊ लागला की शोध सोपा होतो.

तपासणीचा क्रम

पहिल्यांदा राऊटर सध्या नेमक्या कोणत्या चॅनेलवर आहे ते पाहावे. अँड्रॉइडवर वायफाय ॲनालायझर प्रकारची अॅप आहेत. मॅकवर ऑप्शन कळ दाबून धरून वरच्या पट्टीतील वायफायच्या चिन्हावर क्लिक केले की चॅनेलसह सगळा तपशील दिसतो. मात्र ही अॅप फक्त वायफाय दाखवतात. झिगबी, ब्लूटूथ, मायक्रोवेव्ह यांतले काहीच त्यांना दिसत नाही, त्यामुळे आलेखात रिकामी दिसणारी जागा खरोखर रिकामी असेलच असे नाही. नंतर झिगबीचे चॅनेल हबच्या (झिगबीचे जाळे चालवणाऱ्या केंद्राच्या, माझ्याकडे झिगबी-टू-एमक्यूटीटीच्या) सेटिंगमध्ये पाहून दोन्ही आकड्यांचे मेगाहर्ट्झ करून कागदावर शेजारीशेजारी मांडावेत. नुसते चॅनेलचे आकडे एकमेकांशी ताडून पाहू नयेत.

२० मेगाहर्ट्झ रुंदीच्या वायफायचा हिशेब असा निघतो. वायफाय १ हा झिगबीचे ११ ते १४ व्यापतो, वायफाय ६ हा १६ ते १९ आणि वायफाय ११ हा २१ ते २४. झिगबीचा चॅनेल जेमतेम २ मेगाहर्ट्झ रुंद असल्यामुळे १५ आणि २० हे दोन वायफाय चॅनेलांमधल्या बोळांत मावतात, आणि २५ व २६ वरच्या टोकाला मोकळे राहतात. फिलिप्स ह्यू दिव्यांच्या हबमध्ये, म्हणजे ह्यू ब्रिजमध्ये, निवडीसाठी ११, १५, २० आणि २५ एवढेच दिलेले असतात, त्यामागे हेच गणित असावे. २६ दिसायला सर्वांत मोकळा असला तरी मी तो घेणार नाही: पट्ट्याच्या कडेला असल्यामुळे पुष्कळ उपकरणे तिथे शक्ती कमी करतात आणि काही तर त्यावर जोडलीच जात नाहीत.

हे सगळे गणित रुंदी २० असेल तरच खरे. राऊटरच्या सेटिंगमध्ये २.४ गिगाहर्ट्झसाठी ‘२०/४०’ किंवा ‘४०’ लिहिलेले असेल, तर ते आधी २० करावे. ८३ मेगाहर्ट्झच्या जागेत ४० मेगाहर्ट्झ रुंदीचा एक राऊटर म्हणजे दोन माणसांच्या बाकड्यावर आडवा झोपलेला प्रवासी. वेग वाढतो तोही शेजारीपाजारी कोणी नसेल तर, आणि फ्लॅटमध्ये राहणाऱ्याला ते भाग्य लाभत नाही. वायफायसाठी ३, ४, ८ असले मधले आकडेही निवडू नयेत. शेजाऱ्याच्याच चॅनेलवर बसलात तर दोन्ही राऊटर एकमेकांना ओळखून पाळी पाळतात. अर्धवट एकमेकांवर चढलेल्या चॅनेलांत ती ओळख नीट पटत नाही आणि एकाचे बोलणे दुसऱ्याला केवळ कलकलाट वाटते.

कोणाला हलवायचे

राऊटरचे चॅनेल बदलणे एका मिनिटाचे काम आहे. झिगबीचे चॅनेल बदलणे हे कधी कधी अख्ख्या रविवारचे. म्हणून शक्य असेल तिथे वायफायच हलवावे. झिगबी ११ वर असेल तर वायफाय ११ वर पक्के केले, की पुष्कळ घरांत प्रश्न तिथेच मिटतो. माझ्याकडे तो मिटला नाही, कारण समोरच्या फ्लॅटमधला राऊटर भिंतीपलीकडेच आहे आणि तो १ वर ठाण मांडून बसलेला आहे. माझ्या झिगबीला माझ्या वायफायपासून वाचवून उपयोग नव्हता. वायफाय ११ वर वरच्या मजल्यावरची दोन नेटवर्क जोरात येत होती. म्हणून मी वायफाय ६ वर आणि झिगबी २५ वर ठेवायचे ठरवले: २४३७ आणि २४७५, मध्ये बऱ्यापैकी मोकळी जागा.

झिगबी हलवताना हब आपल्या नेटवर्कवर ‘आता आपण अमुक चॅनेलवर जात आहोत’ असा निरोप फिरवू शकते. विजेवर चालणारे दिवे आणि प्लग सतत जागे असल्यामुळे त्यांना तो निरोप मिळतो. बॅटरीवरचे सेन्सर बहुतेक वेळ झोपलेले असतात. त्यांतले काही उठल्यावर जुन्या जागी कोणी नाही हे पाहून स्वतः शोध घेतात, काही घेत नाहीत. माझ्या सातपैकी चार दुसऱ्या दिवशीपर्यंत आपोआप आले, तिघांना बटण दाबून पुन्हा जोडावे लागले. अशा वेळी सेन्सर आधी यादीतून काढून टाकू नये. तो न काढता नुसता पुन्हा जोडला, तर हब त्याला त्याच्या कायमच्या पत्त्यावरून ओळखते आणि नाव, खोली, त्याच्यावर बेतलेली स्वयंचलित कामे सगळी जशीच्या तशी राहतात. मी पहिला सेन्सर काढून मग जोडला आणि त्याची सगळी मांडणी नव्याने करत बसलो.

राऊटरवरचे ‘ऑटो’ बंद करून आकडा पक्का करणे हे या सगळ्यातले सर्वांत महत्त्वाचे पाऊल आहे. ते केले नाही तर पुढच्या वेळी वीज जाईल तेव्हा राऊटर पुन्हा चिठ्ठी काढणारच.

चॅनेल बरोबर असूनही अडचण राहिली तर

अंतर पाहावे. राऊटर आणि झिगबीचा डोंगल हातभर अंतरावर असतील तर वेगळे चॅनेल असूनही राऊटरचा जोर डोंगलचे कान बधिर करतो. मोकळ्या जागेत अंतर दहापट केले की पोहोचणारी शक्ती शंभराव्या हिश्शावर येते, त्यामुळे ३० सेंटिमीटरवरून ३ मीटरवर नेणे हे कोणत्याही महागड्या अँटेनापेक्षा अधिक गुणकारी आहे.

यूएसबी ३ पाहावे. निळ्या रंगाच्या यूएसबी ३ पोर्टमधून आणि त्याला जोडलेल्या हार्ड डिस्कच्या केबलमधून २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात गोंगाट गळतो, ही गोष्ट इंटेलने २०१२ मध्येच एका टिपणात सविस्तर मांडली आहे. डोंगल थेट पोर्टमध्ये न खोचता साध्या यूएसबी २ च्या मीटरभर एक्स्टेन्शन केबलने दूर ठेवावा आणि काळ्या पोर्टमध्ये जोडावा. माझ्याकडे बॅकअपची एसएसडी शेजारच्याच निळ्या पोर्टमध्ये होती. ती काढल्याबरोबर झिगबी-टू-एमक्यूटीटीच्या यादीतले दुव्यांच्या गुणवत्तेचे आकडे, जे ० ते २५५ च्या मापात असतात, जवळजवळ सगळ्याच सेन्सरचे वर गेले. शंभर-दीडशे रुपयांच्या केबलने एक्स्टेंडरपेक्षा जास्त काम केले. एक्स्टेंडरने तर उलट बिघाड वाढवला होता, कारण तो प्रत्येक गोष्ट ऐकून त्याच चॅनेलवर पुन्हा बोलतो, म्हणजे हवेतली गर्दी दुप्पट.

जे हलवता येईल ते ५ गिगाहर्ट्झवर हलवावे. भारतात २०१८ पासून घरगुती वायफायसाठी ५ गिगाहर्ट्झमध्ये भरपूर जागा परवानामुक्त आहे आणि झिगबी तिकडे फिरकतही नाही. टीव्हीला लॅनची केबल जोडता आली तर उत्तमच. वायफायचे स्वस्त प्लग आणि बल्ब मात्र बहुधा २.४ वरच चालतात, त्यांना तिथेच राहू द्यावे. ते बोलतात फारच थोडे. दोन्ही पट्ट्यांना वेगवेगळी नावे दिली की कोण कुठे आहे हे कळते आणि असा प्लग जोडताना मोबाइल भलत्याच पट्ट्यावर असल्याची डोकेदुखीही टळते.

ब्लूटूथची काळजी बहुतेक वेळा करावी लागत नाही. ते ७९ छोट्या चॅनेलांवर सेकंदाला १६०० उड्या मारते आणि २००३ च्या आवृत्तीपासून गर्दीची जागा ओळखून ती टाळतेही. कमी ऊर्जेच्या ब्लूटूथचे घोषणेसाठीचे तीन चॅनेल २४०२, २४२६ आणि २४८० मेगाहर्ट्झवर, वायफायच्या १, ६, ११ च्या कडाकडांनी नेमके बसवलेले आहेत. अपवाद एकाच चिपमध्ये दोन्ही असण्याचा. घरगुती स्मार्ट उपकरणांत वापरल्या जाणाऱ्या ईएसपी३२ या चिपमध्ये वायफाय आणि ब्लूटूथ यांना मिळून एकच रेडिओ आहे आणि तो वेळ वाटून दोघांना दिला जातो. त्याच्यावर सतत ब्लूटूथ ऐकण्याचे काम लादले की त्याचेच वायफाय तुटते. तिथे चॅनेल बदलून काही होत नाही, ऐकण्याचा कालावधी कमी करावा लागतो. लॅपटॉपवर ब्लूटूथ हेडफोन अडखळत असेल तर लॅपटॉप ५ गिगाहर्ट्झवर नेऊन पाहावा.

मायक्रोवेव्ह ओव्हन २४५० मेगाहर्ट्झच्या आसपास काम करतो, म्हणजे झिगबीच्या २० व्या चॅनेलच्या दारातच. त्याची ओळख वेळेवरून पटते: बिघाड दोन-चार मिनिटांचा, जेवण गरम करण्याच्या वेळेला, आणि स्वयंपाकघराच्या बाजूच्या उपकरणांपुरता.

शेवटी एक कारण असे, जे चॅनेलचे नाही पण हुबेहूब तसेच दिसते. झिगबीचे दिवे आणि प्लग हे दूरच्या सेन्सरचे निरोप पुढे पोहोचवणारे टप्पे असतात. आई झोपण्याआधी पॅसेजचा दिवा सवयीने भिंतीवरच्या बटणाने बंद करते, आणि तो दिवा गेला की त्याच्या भरवशावर असलेला बाल्कनीचा सेन्सरही जातो. बटणावर पट्टी चिकटवून पाहिली, ती दोन दिवसांत निघाली. मग त्या टप्प्यावर स्मार्ट प्लग नेऊन लावला, ज्याच्या बटणापर्यंत कोणाचा हात जात नाही.

या बदलांनंतर मी तीन आठवडे रोज रात्री होम असिस्टंटच्या नोंदींत ‘अनुपलब्ध’ हा शब्द शोधत होतो. या काळात वीज चार वेळा गेली आणि बाल्कनीचा सेन्सर सोडून कोणी गेले नाही. तोही बॅटरी बदलल्यावर टिकला. त्यानंतर इंटरनेटवाल्यांचा माणूस येऊन राऊटर बदलून गेला आणि नव्या राऊटरवर ‘ऑटो’ आणि ‘२०/४०’ दोन्ही पुन्हा विराजमान झाले. ते त्याच संध्याकाळी लक्षात आले, कारण पॅसेजचा दिवा लागला नाही. आता राऊटरच्या पाठीवर कागद चिकटवून ठेवला आहे: वायफाय ६, रुंदी २०, ऑटो बंद; झिगबी २५, म्हणजे २४७५.